न तडकलेल्या पट्ट्या

हरियाणात मानेसरच्या पुढच्या एका छोट्या रेल्वे स्टेशनवर सुकन्याचा जीव जडला होता. दीडशे वर्षांचं वीट-चुन्याचं बांधकाम, तीन रुंद कमानी आणि मधल्या कमानीत एक भेग. त्या एका भेगेपायी इमारत पाडायचं घाटत होतं. सुकन्या जुन्या वास्तू जपणारी आर्किटेक्ट, मूळची पुण्याची, म्हणजे हट्टी. तिने भेगेवर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते. तीन महिन्यांत एकही तडकली नाही. आज चारपर्यंत ‘धोका नाही’ अशा अहवालावर तिची सही झाली, की स्टेशन वाचणार होतं.

सव्वातीनला तिने सहज पट्टीशेजारी बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

तिने किल्लीने खरवडताच गिलाव्याचा पापुद्रा निघाला. मागे विटांत दोन बोटं जातील एवढी फट! पट्टी उघड्या विटेवर लावायची, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण जुन्या चुन्याला ओरखडा नको म्हणून सुकन्याबाईंनी ती गिलाव्यावरच लावली होती. गिलावा भिंतीपासून कधीच सुटलेला. भिंत हलत राहिली आणि काच शाबूत.

“कुणाला कळतंय?” तिचा सहकारी शार्दूल कुजबुजला. “सही कर, यार. टेकू नंतर गुपचूप लावू.”

खरं सांगायचं तर तिला ते पटलं. तेवढ्यात न थांबणाऱ्या मालगाडीची घोषणा झाली. कमानीखाली सावलीला वीसेक माणसं बसली होती.

“उठो! सब बाहर निकलो!” ती ओरडली. भर उन्हात कोण हलतंय? तिने एका म्हाताऱ्याची पिशवीच बाहेर भिरकावली. तो शिव्या देत पिशवीमागे धावला, तेव्हा कुठे बाकीचे उठले.

गाडी धडधडत गेली. कमान थरथरली, मूठभर चुना सांडला. पडलं काहीच नाही. लोक तिला हसले.

इमारत वाचावी म्हणून दोन वर्षं खेटे घालणारे स्टेशनमास्तर राजवीर अहवाल घेऊन लगबगीने आले. “देखा मॅडम? कुछ नहीं हुआ. अब साइन कर दो.”

सुकन्याला रडू फुटत होतं. आता तर सगळेच सहीच्या बाजूने होते, कमानसुद्धा. तिने छापलेल्या मजकुरावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘इमारत धोकादायक आहे. माझी तपासणी चुकली.’ मग सही केली.

राजवीरनी ते दोनदा वाचलं. तिच्याकडे न बघता ते कमानीखालचा रस्ता अडवण्यासाठी दोर आणायला गेले.