हितचिंतकाचा सत्कार

"शाल मरून रंगाची घ्या. अन् हारात झेंडू नको, गुलाब," अध्यक्ष सोपानराव म्हणाले. "पाच वर्सं मंडळाचं भाडं भरतोय गडी, अन् नावसुदिक सांगत न्हाई!"

खजिनदार मारुतराव खाली बघत राहिले.

भोसरीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर हे जुन्या रेडिओंचं मंडळ भरे. गावातल्या घराघरांतून आणलेले रेडिओ, आणि प्रत्येकाखाली तो कुणी, कुठल्या पिकाच्या पैशांतून घेतला त्याची चिठ्ठी. कारखाने येण्याआधीचं भोसरी तेवढंच उरलेलं.

एकदा भाड्याला पैसे कमी पडले, तेव्हा मारुतरावांनी पगारातून भरले. मिरवल्यासारखं नको म्हणून पावती 'एक हितचिंतक' या नावाने फाडली. झालं भलतंच. एवढा भक्कम खांब मिळाल्यावर सभासदांनी वर्गणीच सोडली. मग दर महिन्याला मारुतरावांनाच हितचिंतक व्हावं लागलं. आता ते कामाला होते ते वर्कशॉप बंद पडलेलं, आणि घरी बायकोचं, इंदुताईंचं, डायलिसिस सुरू.

"येतील ना ते सत्काराला?" सचिव जयमालाबाईंनी विचारलं. "तुमच्याशीच बोलतात तेवढे."

"भाडं वाढलंय, तेही कानावर घाला राव," थेरगावचा दुकानदार खंडू हसला. "त्यांना काय, चणेफुटाणे!"

"ते वारले," मारुतराव म्हणाले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच दचकायला झालं.

"आरं देवा! कवा?"

"सोमवारी. बरेच दिवस ओढत होते."

"घरी कोण असतं?"

"बायको. आजारी असते."

"मग भेटून यायला हवं," जयमालाबाई म्हणाल्या.

"नको बाई. तिला यातलं काहीच माहीत नाही."

'आपण भरू' हे शब्द कुणाच्या तरी तोंडून येतील म्हणून मारुतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. खंडू मोबाइल चाळत होता. शेवटी महिनाअखेर गाळा सोडायचं ठरलं. रेडिओ ज्याचे त्याला परत, बेवारस असतील ते भंगारात.

"दोन मिन्टं उभं ऱ्हाऊ," सोपानराव उठले. "तेवढं तरी करू त्या मानसासाठी."

सगळे माना खाली घालून उभे राहिले. मारुतरावही राहिले, हात जोडून. खालच्या गाळ्यातली लेथ मशीन घरघरत होती.

वेळ संपली, खुर्च्या करकरल्या, सगळे बसले. मारुतराव उभेच होते. शेवटी जयमालाबाईंनी हाताला धरून त्यांना खाली बसवलं.