रेमेईचे गुडघे

रेमेईची उंची जेमतेम पाच फूट. वाल्स गावाजवळच्या आमच्या गाड्यांच्या धडक-चाचणी केंद्रात ती एकोणीस वर्षं पुतळ्यांचं काम बघत होती. धडकेच्या वेळी माणसाऐवजी गाडीत बसवतात ते हे पुतळे. त्यांचे सांधे तपासायचे आणि चाचणीआधी गुडघ्यांना रंग फासायचा, म्हणजे गुडघा कुठे आपटला ते डागावरून कळतं. पण तिचा खरा मान वेगळाच होता. ठेंगण्या बाईचा पुतळा बसवण्याआधी आमचा मुख्य फेरान हाक मारायचा, "रेमेई, जरा बसून बघ गं." ती चालकाच्या सीटवर बसायची, पेडलवर पाय ठेवायची आणि सीट बरोबर आहे की नाही ते सांगायची. मी कॅमेऱ्यांवर असायचो. तेवढा वेळ ती गाडी तिचीच वाटायची.

मग केराल्ट आली. एकोणतीस वर्षांची, उंच, जर्मनीत शिकलेली. गुडघ्यांच्या एअरबॅगचं काम तिच्याकडे दिलं गेलं. ही पिशवी स्टिअरिंगखालून फुगते आणि गुडघे पुढे आदळू देत नाही. पहिल्याच बैठकीत केराल्ट म्हणाली की ठेंगण्या बायका पुढे खेटून बसतात, पिशवीला फुगायला जागाच उरत नाही, याचा विचार व्हायला हवा. फेराननं जोरजोरात मान डोलावली. हेच रेमेई दहा वर्षं सांगत होती. तेव्हा तो म्हणाला होता, "मग पाठीमागे उशी घेऊन बसत जा."

त्यात केराल्टनं मोजणीचा यांत्रिक हात आणला. सीट कुठे हवी ते तो मिलिमीटरपर्यंत सांगे. रेमेईला बसायला सांगायची गरजच उरली नाही. ती नुसती रंगाचा डबा घेऊन उभी राहायची. केराल्टचं हसणं, तिचे बूट, तिनं फेरानला नावानं हाक मारणं, सगळंच रेमेईला टोचू लागलं. जेवताना ती माझ्याशी दुसरं काही बोलेना.

नव्या पिशवीच्या चाचणीच्या दिवशी गुडघे रंगवताना रेमेईला दिसलं की पुतळ्याचे गुडघे आणि पुढचं पॅनेल यांत चार बोटं जागा आहे. ती स्वतः बसली की दोनच बोटं उरायची. सीट एक खाच मागे होती. यंत्रात आधीच्या गाडीची मापं राहून गेली होती. केराल्टनं विचारलं, "सगळं ठीक?" रेमेई "हो" म्हणाली आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

निकाल फारच चांगला आला. गुडघ्यांवरचा दाब निम्म्यावर उतरला. फेराननं शुक्रवारी कावाच्या, म्हणजे फसफसत्या वाइनच्या, बाटल्या आणल्या, बार्सिलोनाला गाडीवाल्या कंपनीसमोर केराल्टच बोलणार असं जाहीर केलं. रेमेईनंही पेला उचलला. ती मनाशी म्हणत होती, जाऊ दे तिला, तिथं पडेल तोंडावर.

पण सोमवारी गाडीचे नवे आराखडे आले. पिशवी एवढी चांगली, तर पॅनेलमागचा पोलादी आधार काढून टाकायचं ठरलं होतं. म्हणजे खऱ्या गाड्यांत ठेंगण्या बायकांचे गुडघे धोक्यात. रेमेईनं ते वाचलं आणि थेट गाडीत जाऊन बसली. सीट पुढे ओढली, केराल्टला बोलावून घेतलं आणि आपले गुडघे दाखवले.

केराल्ट वाकून बराच वेळ बघत राहिली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

केराल्टनं यंत्रातली मापं बदलली. दुपारी चाचणी पुन्हा झाली. या वेळी फुगत्या पिशवीनं नडग्यांवर असा तडाखा दिला की दाब मर्यादेच्या वर गेला. आधार राहिला आणि पिशवीची घडी नव्यानं करायचं ठरलं. अहवालात केराल्टनं लिहिलं: सीटची चूक माझी, ती रेमेईनं शोधली. बार्सिलोनाला त्या प्रामाणिकपणाचंही कौतुक झालं म्हणे. रेमेई मला म्हणाली, "हिची चूकसुद्धा हिला शोभून दिसते."

आणखी एक गोष्ट तिला झोपू देईना. 'त्याच दिवशी' हे दोन शब्द केराल्टनं कुठंच लिहिले नव्हते, कुणाला सांगितलेही नव्हते. त्या पोरीनं आपल्याला पाठीशी घालावं हे काही तिला गिळवेना. चौथ्या दिवशी ती फेरानच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून आली. त्यानं तीन महिन्यांसाठी तिच्या सहीचा अधिकार काढून घेतला.

जेवणाच्या वेळी केराल्ट ताट घेऊन आमच्या टेबलाशी आली. चेहरा पडलेला होता. "तुम्ही का सांगितलंत? मी तर कुणाकडेच बोलले नव्हते."

रेमेई पावावर टोमॅटो चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणूनच."