वाऱ्याविना बावटा

आभाळ निरभ्र, वाऱ्याचा मागमूस नाही, तरी सकाळपासून लांबलचक लाटा वाळूवर चढत होत्या. शाळेचा उंचवटा सोडला तर बेट बशीसारखं सपाट, त्यामुळे खालच्या गल्लीने गाठोडी बांधली होती. तेवढ्यात दर्याबाबांनी गोदामामागे वल्हं रोवलं आणि गर्दीने हात जोडले.

"दर्या माझा थोरला भाऊ!" बाबा गरजले. "रात्री उशाशी येऊन बसला. मी बजावलं, ये, पण वल्ह्यापुढे पाऊल टाकलंस तर गाठ माझ्याशी आहे! जा रे, घरी जाऊन निवांत बसा."

हे बाबा पूर्वी बर्फाच्या कारखान्यात होते. कामावर झोपायचे म्हणून तिथून निघाले. आता त्याच झोपेत त्यांना दर्या भेटायचा. आधीच्या दोन्ही खेपांना पाणी खरंच वल्ह्यापाशी थांबलं होतं, मग काय विचारता!

गर्दीच्या कडेला बंदर कचेरीतली बावटेवाली उभी होती. ती बाबांची सख्खी वहिनी. शेजारच्या शिंपीणकाकू अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची ढकलगाडी परत घराकडे वळवत होत्या.

जेवताना भावोजी सहज विचारायचे, "काय वहिनी, दर्या काय म्हणतोय?" तीही सहज सांगायची, की दूर समुद्रात वादळ झालंय, त्याच्या लाटा भरतीच्या वेळी पोचतील, पाणी गोदामाच्या ओट्याला टेकेल. दुसऱ्या दिवशी वल्हं ओट्यामागे! लोकांना मात्र ती सांगत नसे. धोक्याचा लाल बावटा फक्त वाऱ्यासाठी, हा कचेरीचा नियम. वारा नसताना तिने तो एकदा चढवला, तर अख्खा धक्का हसला होता. तेव्हापासून तिने तोंडच शिवून घेतलं होतं.

आणि काल? काल तिला ठाऊक होतं की लाटा मोठ्या आहेत आणि भरतीही उधाणाची आहे. तरी ती म्हणाली, "शांत आहे." भावोजींची एकदा चांगली जिरू दे, एवढंच मनात होतं. गल्लीचा विचारच तिने केला नव्हता. आता तिला स्वतःची शिसारी आली.

"काकू, थांबा!" ती ओरडली. "आज पाणी वल्ह्याच्या पुढे जाणार. गल्लीत शिरणार."

"वाऱ्याशिवाय?" कोणीतरी हसलं.

ती मासळी बाजारातल्या हौदाशी धावली, गर्दीही मागोमाग आली. हौद अर्धा होता. पलीकडच्या टोकाला तिने दगड टाकला. लाट अलीकडच्या भिंतीवर आपटून विरली. मग तिने नळ सोडून हौद काठोकाठ भरला आणि तसाच दगड पुन्हा टाकला. या वेळी पाणी काठावरून सांडलं आणि पुढच्यांचे पाय भिजले.

"दगड पडला तिकडे, पाय भिजले इकडे. वारा होता का? वादळ तिकडे, लाट इकडे. आणि भरती म्हणजे हा भरलेला हौद."

बाबांचा चेहरा पडला. ते एकदम तिच्यावर खेकसले, "मग काल जेवताना विचारलं तेव्हा शांत आहे का म्हणालात, वहिनी?"

दर्याचा धाकटा भाऊ वहिनीला विचारून दर्याशी बोलत होता, हे सांगायला आता कोणाची गरज उरली नाही.

काकूंनी मात्र बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिलाच म्हणाल्या, "त्याला सांगत होतीस. आम्हाला का नाही गं?"

"चुकले, काकू," एवढंच ती म्हणाली आणि ढकलगाडीला हात लावला.

दुपारी गल्ली रिकामी झाली. संध्याकाळी काकूंच्या शिवणयंत्रापर्यंत पाणी चढलं आणि वल्हं वाहून गेलं. माणसं तेवढी उंचवट्यावरच्या शाळेत कोरडी होती. तिथे काहीजण आता तिच्याच पाया पडायला आले, तेव्हा ती कळवळून मागे सरली.

"नको! मलाही विचारा, हे तुला कुठून कळलं? जो सांगेल त्याला विचारा. पटलं तरच ऐका."

खाली कचेरीवर तिने दुपारीच चढवलेला लाल बावटा होता. वाऱ्याविना तो काठीला चिकटून लोंबत होता. आज त्याला कोणी हसलं नाही.