त्रेचाळिसावा ठोका

"मिस्त्री, वाचत काय बसलात? सही ठोका आणि मोकळे व्हा." साहेबांनी कागद पुढे सरकवला.

शस्त्रागारातल्या या माणसाला सगळं पोलीस दल मिस्त्रीच म्हणायचं. सव्वीस वर्षं दलातलं एकूणएक पिस्तूल त्याच्या हाताखालून गेलं होतं. कागदावर लिहिलं होतं, पिस्तुलात दोष नाही, महिला शिपायाचं बोट चापावर गेल्यामुळे गोळी सुटली. ही महिला शिपाई म्हणजे मिस्त्रीची सख्खी पुतणी. आठ दिवसांपूर्वी गाडीतून उतरताना तिच्या कमरेचं पिस्तूल चामडी म्यानात, होल्स्टरमध्येच उडालं आणि गोळी मांडीतून आरपार गेली. या कागदावर सही झाली की तिची नोकरी गेलीच म्हणून समजा.

"सख्खा काकाच म्हणतोय म्हटल्यावर चौकशी समिती आणखी काय विचारणार?" साहेब हसले. "आणि दवाखान्यात तुम्हीच तर म्हणालात."

म्हणाला होता खरा. पोरगी रक्तबंबाळ पडलेली, "काका, मी हात लावला नव्हता हो," म्हणत होती, आणि यानं चारचौघांत तिला झापलं होतं, "पिस्तूल काय आपणहून उडतं? खोटं बोलू नकोस!"

पण साहेबांची घाई काही मिस्त्रीच्या गळी उतरेना. साधी स्प्रिंग मागितली तरी तीन महिने ताटकळत ठेवणारा हा माणूस आज स्वतः जिने उतरून आला होता. वर चहासुद्धा घेऊन! कुठंतरी पाणी मुरत होतं.

"दुपारी देतो," मिस्त्री म्हणाला. "एकदा परत तपासतो."

"तपासलंत की परवा!"

तपासलं होतं, नेहमीसारखंच. मेजावरच्या पकडीत आवळून, चाप ओढून. पण पिस्तूल राहतं माणसाच्या कमरेला, आणि आपण तपासतो ते पकडीत, हे मिस्त्रीच्या डोक्यात आज पहिल्यांदा शिरलं. त्यानं वाळूच्या पोत्याला पट्टा बांधला. गोळी आणि दारू काढून टाकलेलं, नुसती ठिणगी पाडणारी टोपी असलेलं काडतूस भरलं, पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं आणि लाकडी हातोड्यानं बाहेरून ठोकायला सुरुवात केली.

दहा झाले, वीस झाले. पोरीनंच बोट घातलं असणार, दुसरं काय! चाळीस झाले. हात भरून आला. त्रेचाळिसाव्या ठोक्याला फट्कन आवाज झाला.

चापाला कुणाचा हात नव्हता. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. पण खरं सांगायचं तर त्याला आधी पुतणी आठवली नाही, आठवली ती स्वतःची सही. गेल्याच महिन्यात याच पिस्तुलाला त्यानं 'निर्दोष' म्हणून पास केलं होतं.

दुपारी साहेबांनी त्याचा नवा कागद वाचला आणि त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "असली तीनशे पिस्तुलं आहेत आपल्याकडं. सगळी परत मागवायची? आणि मागच्या महिन्यातली सही कुणाची?"

"माझीच."

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत ना? आणि लोक म्हणतील, पुतणीसाठी लिहिलं."

"म्हणू देत. माझ्यावर विश्वास ठेवूच नका." मिस्त्रीनं पिस्तूल मेजावर ठेवलं. "तुम्ही हे भरून कमरेला लावा, आणि समितीपुढं दोनदा जिना चढून-उतरून दाखवा. मी तुमच्या कागदावर सही करतो."

साहेब पिस्तुलाकडे बघत राहिले. त्यांचा हात काही पुढे आला नाही.

संध्याकाळी मिस्त्री दवाखान्यात गेला. पुतणीनं मानही वर केली नाही.

"सही केलीत?"

"केली. दोष पिस्तुलाचा आहे म्हणून. त्रेचाळीस वेळा ठोकलं तेव्हा उडालं."

तिनं पांघरूण वर ओढून घेतलं.

"त्याला त्रेचाळीस वेळा विचारलंत, काका," ती म्हणाली. "मला एकदासुद्धा नाही."

मिस्त्री तिच्या पायाशी, दुखऱ्या पायाला धक्का लागणार नाही एवढं अंग चोरून, बसून राहिला.