चुकलेला पाला

"आई, मळमळतंय का चक्कर येतेय? एक्झॅक्टली काय होतंय?"

"कसंनुसं व्हतंय म्हनलं न्हवं!" मेथीच्या वाफ्याकडेला पोट धरून बसलेल्या कुंदाकाकू सुनेवर खेकसल्या. "पोटात कालवतंय, आतनं उमळून येतंय, डोस्कं भवंडतंय. आजून किती सांगू तुला?"

स्नेहलता पडली पुण्याची. एवढ्या सगळ्याचं तिनं फोनवर डॉक्टरला जर्मनमध्ये 'थोडी मळमळ' करून सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं?

"भाकरी-झुणका," काकू म्हणाल्या. झुणक्यात काय घातलं होतं, ते मात्र गिळून बसल्या.

काकूंचा श्रीधर आणि मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात कामाला. दोघंही माण तालुक्यातल्या एकाच गावचे. इथं गावाबाहेर भाड्यानं बागेचे तुकडे मिळतात, त्याला श्रेबरगार्टन म्हणतात. आमचे तुकडे शेजारी-शेजारी आहेत. एप्रिलात काकू आल्या आणि लेकाची हिरवळ बघून खवळल्या. "यवढी जमीन, आन् नुसतं गवत? ते बी कापून टाकायचं? म्हशीला न्हाई घालायचं?" लगोलग त्यांनी हिरवळ उकरली आणि मेथी पेरली.

कुंपणापलीकडं फ्राउ होफमान ही म्हातारी. हिला मराठी येत नाही, काकूंना जर्मन येत नाही, तरी दोघींचं तासन्‌तास चालायचं. तिनंच काकूंना झाडाखालचा रानलसणाचा पाला दाखवला होता. पान चोळून हुंगायचं, लसणाचा वास आला तरच खुडायचं. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक पान असतं, ते विषारी. हे सांगताना म्हातारीनं जीभ बाहेर काढून मान टाकूनसुद्धा दाखवली. काकूंनी हो हो केलं. जन्मभर रानभाज्या खुडलेली बाई, तिला कोण शिकवणार?

त्या सकाळी पहिलं पान बरोबर निघालं. तेवढ्यानं बोटांना लसणाचा वास लागला, आणि पुढं जे खुडतील त्याला तोच वास यायला लागला. काकूंनी ओटीभर पाला नेला, बेसन लावून खमंग झुणका केला. श्रीधर-स्नेहलतानं ब्रेड खाल्ला, माझी संकष्टी होती. म्हणजे खाल्लं ते काकूंनीच, असं आम्हाला वाटत होतं.

"आई, अहो, त्यात दुसरं काही घातलं होतंत का?" स्नेहलतानं काकुळतीनं विचारलं.

"काय घालनार? माझ्या हातचं कुनाला बाधलंय का आजवर?"

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. फ्राउ होफमान आली. तोंड पांढरंफटक, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात काकूंचा झुणक्याचा रिकामा डबा.

"मिअर इस गान्झ ब्ल्यूमेरांट," ती कशीबशी म्हणाली.

"हे कुठलं जर्मन?" स्नेहलता गोंधळली.

काकूंना मात्र विचारावं लागलं नाही. त्यांनी डबा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! पाला चुकला गं माझा! माझं मरू दे, त्या म्हातारीचं बघ आधी. इख चारलं मी तिला!"

मग फोन झाला, सायरन वाजवत गाडी आली आणि दोघींना घेऊन गेली. ते विष हृदयावर जातं म्हणे. रात्रभर छातीला वायरी लावून त्यांना झोपवलं. सकाळी आम्ही गेलो तर खाटा शेजारी-शेजारी, आणि दोघी जिवंत. एवढंच नाही, काकू तिच्याकडून तिकडचं कसंनुसं, 'ब्ल्यूमेरांट', घोकून घेत होत्या आणि ती काकूंच्या 'उमळतंय'चं 'उमलतंय, उमलतंय' करत होती.

"लय भारी शब्द हाय," काकू म्हणाल्या. "नुस्ता तोंडात घेतला तरी वकारी येती."

पुढच्या आठवड्यात फ्राउ होफमान स्वतः खुडलेला पाला घेऊन फाटकात उभी. मला वाटलं, आता काकू कोपरापासून हात जोडतील. त्यांनी साबणानं हात धुतले, एकेक पान हुंगलं, मग मला म्हणाल्या, "आदी तू खा म्हनावं तिला."

मी भीत-भीत सांगितलं. म्हातारी खळखळून हसली आणि दोन पानं कचाकचा चावून खाल्ली.

काकू बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग उठल्या, बागेतल्या शेगडीवर कढई ठेवली, बेसन परतलं आणि झुणक्याचं पहिलं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"आज न्हाई न्हवं तुजी संकष्टी?"