भट्टीघराचा सुटलेला दगड

बालमित्रांनो, निपाणीच्या वाटेवर माळात जे बिनखिडक्यांचं काळं घर दिसतं ना, ज्याला तुम्ही भुताचं घर म्हणता, ते मी. भूतबीत काही नाही. मी जुन्या तपासणी नाक्याचं भट्टीघर आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी, प्लेगच्या साथीत, परगावची माणसं या नाक्यावर अडवत. डॉक्टरची कचेरी पुढे, दिमाखात. स्वयंपाकघर, हौद आणि मी मागे. सिद्राम गवंड्याने माझ्या भिंती हातभर जाड बांधल्या. पोटात आडवी भिंत घालून दोन खोल्या केल्या, मैली आणि धुतली. कपड्यांतली रोगराई मारायला त्या भिंतीत वाफेचं लोखंडी पिंप बसवलं. मैल्या बाजूने कपडे टाकायचे, धुतल्या बाजूने काढायचे. साहेब माझी वाखाणणी करत. पण शिपाई बायकांच्या अंगावरची लुगडी ओढून आणत, काठीने पिंपात कोंबत. बाया बाहेर गोणपाट गुंडाळून रडत. ते रडणं माझ्या चुन्यात मुरलंय.

साथ सरली, नाका उठला, पिंप भंगारात गेलं. भिंतीला भोक राहिलं. माझ्याकडे कोणी फिरकेना.

मग परवाच्या डिसेंबरात सीमेच्या वादावरून रस्ता पेटला. खासबागेतली रूपाली पाच वर्षांच्या आरोहीला घेऊन निपाणीला माहेरी निघाली होती. जमावाने बस अडवली, काचा फोडल्या, ड्रायव्हरला खाली ओढून तुडवलं. रूपाली लेकीला उचलून माळातून धावली ती माझ्यात शिरली. तिचं कपाळ फुटलेलं. तिने आरोहीला भोकातून पलीकडे ढकललं.

"तोंडातनं शब्द काढू नको. कुठलाच."

मागोमाग सळई घेऊन एक तरुण आला. कुठल्या बाजूचा, विचारू नका; माझी कौलं दोन्ही बाजूच्यांनी फोडलीत. कोण तुम्ही, असं त्याने एकदा कानडीत विचारलं, एकदा मराठीत. रूपालीला भाषा दोन्ही येत होत्या, पण त्यातली कुठली जिवावर बेतेल ते कळायला मार्ग नव्हता. त्याने सळई उगारली.

"अण्णा!" भोकातून आवाज आला.

मित्रांनो, इकडे मराठी पोर थोरल्या भावाला अण्णा म्हणतं आणि कानडी पोरही. तो वाकला. भोकातून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. सळई सावकाश खाली आली.

"आक्का, पोरीला हळू बोलायला सांगा," तो म्हणाला. "भाईर ऐकू जातंय."

दारात जाऊन त्याने आत कोणी नसल्याचं ओरडून सांगितलं. बाहेरच्या त्याच्याच जमावाने दारातल्या अंधारात त्याला ओळखलं नाही. दगड आला तो थेट डोळ्यावर. तो उंबऱ्यावर कोसळला. रूपालीने त्याला काखेत धरून आत ओढलं, ओढणीने डोकं बांधलं. शुद्ध जाऊ नये म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "नाव काय रं तुझं?"

"भरमू," तो म्हणे. दर वेळी आवाज बारीक.

मायलेकी सुखरूप सुटल्या. भरमूही वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. मेंढरं चारायला येणाऱ्या नागुबाईच्या बोलण्यातून मला कळलं.

आणि तो दगड माझाच होता. माझ्या कोपऱ्यात पिंपळ उगवला, त्याच्या मुळाने चुना सुटला, दगड गळून गवतात पडले. दोन वर्षं कोणी बघितलं नाही. तुम्हीच त्यांची चूल मांडून लुटुपुटीचा भात शिजवलात. भिंतीत असता तर त्या दगडाने वारा अडवला असता. मोकळा दगड ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो.

मला रंग नको, पाटी नको. घरच्या मोठ्यांना सांगून तेवढा पिंपळ काढायला लावा आणि दगड चुन्यात परत बसवून घ्या. अजून अकरा पडलेत. उद्या पुन्हा कुठली बस अडवली जायच्या आत या.