मागच्या अंगणातला टब

“गुरुजी, हाई काय शे? म्हशी धुवाना हौद?”

भिंतीवरून शेजारच्या झुलालभाऊंचं डोकं वर आलं होतं. चुडामण गुरुजी मागच्या अंगणात उकिडवे बसून पंपाची नळी धरून होते. समोर जाड निळ्या प्लास्टिकचा गोल ढीग हवा पिऊन हळूहळू उभा राहत होता.

“टब आहे,” गुरुजी म्हणाले. “गरम पाण्याचा. आत बसायचं. गुडघ्यांना बरं असतं.”

“कोना गुडघा?”

“हिचे.”

झुलालभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. यंत्र दिसलं की त्यांना भिंतीच्या अलीकडे यावंच लागे. ते आले, टबाभोवती एक फेरी मारली आणि हीटरच्या डब्यावर बोटाने टकटक केलं.

“देवपूरमा नळ येस आठ दिनमा एकदाव. लोके पानीनी वाट देखतस, आन तुम्ही पानीमा बसनार?”

“रोज नवं नाही लागत. एकदा भरलं की महिनाभर चालतं. औषध टाकायचं असतं त्यात.”

“आन उन्हाळामा?”

“उन्हाळ्यात कोण बसणार?”

“नही, हीटरनं बिल वाची जाई ना! आपला धुयामा चैत महिनामा टाकीनं पानीच उकळस.”

गुरुजी हसले. गेल्या अडीच वर्षांत कुणी त्यांच्या धुळ्याच्या अंगणात इतका वेळ उभं राहिलं नव्हतं.

“वहिनी कव्हय येनार?”

“मंगळवारी.”

झुलालभाऊंनी थट्टा तिथेच सोडली. “मंग आजच भराले पाहिजे. मनी टाकीमा पानी शे. पाइप टाकी देस मी.” आणि ते पुन्हा भिंत चढून गेले.

मंदाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या त्या सव्वा महिन्यासाठी. बॅगेत चार साड्या होत्या. लोणच्याची बरणी उन्हातून आत कधी घ्यायची, ते जाताना त्यांनी गुरुजींना दोनदा सांगितलं होतं. आता नात अडीच वर्षांची झाली होती आणि लोणचं गुरुजींनी कधीच संपवलं होतं. मधल्या काळात मंदाबाई दोनदा येऊन गेल्या. एकदा लग्नाला, एकदा कुणाच्या तेराव्याला.

गुरुजीही जात पुण्याला. मुलाचा, हितेंद्रचा फ्लॅट दोन खोल्या आणि हॉलचा. एका खोलीत मुलगा आणि सून मोहिनी, दुसऱ्या खोलीत आजी-नात. गुरुजी हॉलमध्ये दिवाणावर झोपत. सकाळी दूधवाला येई, मग कामवाली, मग कुरिअरवाला. दर वेळी गुरुजी उठून बसत आणि पांघरुणाची घडी घालत. आठ दिवस झाले की ते स्वतःच म्हणत, “घर बंद आहे, निघतो.” कुणी जा म्हणत नसे. कुणी राहाही म्हणत नसे.

रोज संध्याकाळी साडेसातला फोन होई. मंदाबाई गुडघ्यांचं सांगत, तेवढ्यात मागे नात रडू लागे आणि फोन बंद होई. दिवाळीनंतरच्या एका फोनवर त्या म्हणाल्या होत्या, “लहानपणी पौषात बाप आम्हाले उनपदेवले नेई. तठलं गरम पानी अंगवर पडे ना, बठ्ठं दुखनं पळी जाये.” त्यांचं माहेर अडावदचं. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा तिथून जवळ.

फोन ठेवल्यावर गुरुजी बराच वेळ मोबाइल घेऊन बसले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. एका माणसाचा टब मिळत होता, तो स्वस्तही होता. त्यांनी दोघांचा मागवला. आयुष्यात त्यांनी स्वतःहून घेतलेली ही पहिलीच अशी वस्तू, जिच्याशिवाय चाललं असतं. किंमत त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

मंदाबाईंना ते एवढंच म्हणाले, “घरीच उनपदेव आणलंय. ये दहा दिवस.” राहायला ये, असं म्हणायचं होतं. पण छत्तीस वर्षं चौथीच्या मुलांना शिकवताना त्यांना एक कळलं होतं. समोरच्याला जमेल की नाही ठाऊक नसताना प्रश्न मोठ्याने विचारू नये. मनातल्या मनात मात्र त्यांचा हिशेब सरळ होता. पाणी पुरेसं गरम असलं, तर ती राहील.

हीटर पहिल्यांदा लावला तेव्हा घरातली वीज गेली. झुलालभाऊंनी तासभर खपून वेगळी तार ओढून दिली. पाणी तापायला पूर्ण एक दिवस लागला. गुरुजी दर तासाला झाकण उचलून हात घालून बघत होते.

मंगळवारी सकाळी मंदाबाई आल्या. पायरी चढताना त्यांनी दाराची चौकट धरली, थांबल्या, मग दुसरा पाय वर घेतला. चहा झाल्यावर गुरुजींनी त्यांना मागच्या दारी नेलं. तारेवर चारी बाजूंनी चादरी टांगलेल्या होत्या.

“काय बाई सोंग मांडं शे हाई!” मंदाबाई तोंडावर पदर धरून म्हणाल्या. “वरून झुलालभाऊंची गच्ची दिसते.”

“त्यांना सांगितलंय. दहा ते अकरा कुणी गच्चीवर जाणार नाही.”

“म्हणजे गल्लीभर दवंडी दिली का?”

“फक्त सुगंधावहिनींना सांगितलं.”

“मंग दिलीच दवंडी.”

पहिल्या दिवशी त्यांनी काठावर स्टूल ठेवून नुसते पाय बुडवले. दुसऱ्या दिवशी जुना गाऊन घालून, ओढणी घट्ट गुंडाळून, गुरुजींचा खांदा धरून आत उतरल्या. पाणी गळ्याशी आलं. त्यांनी डोळे मिटले. मग एकदम डोळे उघडून म्हणाल्या, “मी एकटीच काय बसू, बाजारात मांडल्यासारखी? तुम्ही बी या.”

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. दोघं एका पाण्यात कधी बसले नव्हते. गुरुजींनी चार बादल्या पाणी काढून बाजूच्या ड्रममध्ये ओतलं आणि बनियन-पायजमा घालूनच ते उतरले. समोरासमोर बसले. पाय कुठे ठेवायचे हे दोघांनाही समजत नव्हतं.

मग रोजचंच झालं ते. दहा वाजले की चादरी ओढायच्या आणि बसायचं. मंदाबाई बोलत. इतकं बोलत, की जणू अडीच वर्षांचं त्यांनी कुठेतरी साठवून ठेवलं होतं.

“तिकडे दिवसभर मी हिंदी बोलते. कामवालीला मराठी येत नाही. आणि मोहिनी म्हणते, आई, बाळाला रंग इंग्रजीत शिकवा.”

“मग?”

“रेड आन ग्रीन जमतं. तिसऱ्याले अडकस.”

“येलो.”

“तेच ते. मी पिवळ्या वस्तू दाखवतच नही तिले. केळं दिसलं की लपाडस.”

गुरुजी इतके हसले की पाणी हललं. भिंतीपलीकडून झुलालभाऊंच्या बायकोचा, सुगंधाबाईंचा आवाज आला, “काय गंमत चालू शे वं अक्का?” मंदाबाईंनी ओठ दाबले. त्यांचे खांदे मात्र हलत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी भरिताचा बेत होता. गुरुजींनी बामणोदची वांगी आणली होती. मंदाबाईंनी ती भाजली आणि सोलायला स्वयंपाकघरात खाली मांडी घालून बसल्या. मांडी घालून! गुरुजी दारातच थांबले. वांगी सोलून झाली तशा मंदाबाई ताट घेऊन उठल्या. भिंत धरली नाही की ओट्याचा आधार घेतला नाही.

उठल्या, आणि गुरुजींकडे न बघता म्हणाल्या, “होळीपर्यंत राहिले तर चालेल का हो?”

“चालेल,” गुरुजी म्हणाले. पाणी पिऊन येऊ का, असं एखाद्या मुलाने विचारल्यावर म्हणावं, तितक्या साधेपणाने म्हणाले. मग ते पुढच्या दारी गेले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. फाटकाची कडी उघडली, पुन्हा लावली आणि आत आले.

त्या संध्याकाळी मंदाबाईंनी हितेंद्रला फोनवर सगळं सांगितलं. टब, गुडघे, मांडी. होळीचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ हितेंद्रच बोलत होता. मंदाबाई नुसतं “हं” म्हणत होत्या.

पुढच्या शनिवारी दुपारी हितेंद्र गाडी घेऊन आला. आल्या आल्या आईला म्हणाला, “चालून दाखव.” मंदाबाईंनी अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. त्याने टाळ्या वाजवल्या.

“पप्पा, कमाल केली तुम्ही! दोन डॉक्टर झाले, मसाज झाला, काही उपयोग नव्हता. माझ्या डोक्यातच आलं नाही हे.” तो टबाला हात लावून बघत होता. “आणि हवा काढली की घडी होते ना याची? गाडीच्या मागे आरामात बसेल. आमच्याकडे मोठी बाल्कनी आहे, पाणी चोवीस तास. आईला रोज बसता येईल.”

गुरुजींनी मंदाबाईंकडे पाहिलं. त्या तारेवरची चादर नीट करत होत्या. ती नीटच होती.

“सोमवारी मोहिनीची रजा संपते,” हितेंद्र जरा खालच्या आवाजात म्हणाला. “आईच्या जागी ठेवलेली बाई गेली सोडून. पाळणाघरात दोन दिवस ठेवून पाहिलं, पोरगी दिवसभर रडते, पप्पा. आजी आजी करते. नाहीतर मीच म्हटलं असतं, राहू दे आईला.”

तो खोटं बोलत नव्हता. हितेंद्रचे डोळे जागरणाने लाल होते. गुरुजींना ते दिसत होतं.

“घेऊन जा,” गुरुजी म्हणाले. “तिच्यासाठीच आणलाय.”

“तुम्ही पण या ना. अधूनमधून.”

“येईन की.”

चादरीमागून मंदाबाई म्हणाल्या, “इतल्या लांब कसाले नेता ते धूड?” हितेंद्र टबाची रुंदी वितीने मोजत होता. 

रविवारी पहाटे गुरुजी पुस्तिकेतल्या सूचना मराठीत उतरवून काढायला बसले. वहीचा कोरा कागद, वर मध्यभागी ‘टब’, खाली रेघ. एक, हीटर लावण्याआधी पाणी भरावे. दोन, औषधाची गोळी आठवड्यातून एक. तीन, उतरताना नेहमी उजवीकडची कड धरावी, डावीकडची दबते. अक्षर मोठं आणि सुटं, मंदाबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. चौथ्या सूचनेला ते थांबले. पाणी कुठपर्यंत भरावे? रोज ते जिथपर्यंत ठेवत होते तिथपर्यंत, असं लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. मग कपाटातून काळा मार्कर काढून ते मागच्या दारी गेले.

हितेंद्र अजून झोपला होता. दुपारी टब रिकामा करायचा होता. पाणी फेकू नका, गोधड्या भिजवायला लागेल, असं सुगंधाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पौषातली थंडी होती. झाकण उचललं तशी वाफ वर आली.

“बसतेस का थोडा वेळ?” त्यांनी मंदाबाईंना विचारलं. “माप घ्यायचंय.”

मंदाबाई आत उतरल्या. पाणी त्यांच्या छातीशीच थांबलं. दोन्ही खांदे उघडे राहिले, थंडीने त्यांवर काटा आला.

“आज पानी कमी कसं झालं?”

“कमी नाही झालं. तेवढंच आहे. रोज आपण दोघं बसतो म्हणून ते वर चढतं. तिकडे तू एकटी बसणार. आणि खांदे उघडे राहिले की तुला बाधतं.”

ते ड्रमकडे गेले. पंधरा लिटरची बादली भरून आणली आणि टबाच्या पलीकडच्या कडेने, मंदाबाईंच्या अंगाला गार पाणी लागू नये म्हणून अगदी सावकाश ओतली. एक. परत गेले. दोन. तिसऱ्या बादलीच्या वेळी त्यांना दम लागला. त्यांनी ती टेकवली, थोडं थांबले, पुन्हा उचलली. पाणी वर वर चढत होतं.

“ड्रम रिकामा करतात का सारा? नळ परवा येणार.”

“हलू नकोस.”

चौथी बादली ओतल्यावर पाणी बरोबर खांद्यावर आलं. गुरुजी वाकले, डोळा पाण्याच्या पातळीशी आणला आणि टबाच्या कडेला आतून काळी रेघ मारली. रेघ वाळेपर्यंत फुंकर घातली. मग खिशातला कागद काढून चौथी सूचना पुरी केली. एकटीने बसताना चार बादल्या जास्त.

मंदाबाई त्या रेघेकडे बघत होत्या. एक बोट पाण्यातून काढून त्यांनी तिला लावलं.

“चारच?” त्या म्हणाल्या.

“साठ किलोचा माणूस. तेवढंच भरणार.”

ते काठावर उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात रिकामी बादली. वारा सुटला आणि चादर हलली.

“काकडता कशाले बाहेर?” मंदाबाईंनी पाय जवळ घेतले, समोरची जागा मोकळी केली. “या ना आतमा.”

गुरुजींनी काठोकाठ आलेल्या पाण्याकडे पाहिलं.

“आता आलो तर सांडेल,” ते म्हणाले, आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसले.